बासिलियाचे घागरे

मित्रांनो, माझ्यावर चढणारा माणूस हमखास श्वास रोखून धरतो. पोट आत घेतलं की वजन कमी भरेल, असं त्याला वाटतं. काही जण उलट छाती फुगवतात. माझ्यावर या दोन्हींचा काडीचाही परिणाम होत नाही. मी दवाखान्यातला वजनकाटा आहे, उभा, लोखंडी, दांडीचा. आता इतका म्हातारा झालोय की माझ्यावरचे आकडे वाचताना चष्मेवाले आधी चष्मा पुसतात आणि मग मला पुसतात.

माझा जन्म ब्राझीलमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यातला. लोखंडाचा पाय, पितळेची दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक थोरलं आणि एक धाकटं. आगगाडीने मला ओरुरोला आणलं. ओरुरो हे उंच डोंगरावरचं शहर, तिथे झाडं कमी आणि वारा फार, आणि पोटात कथलाच्या खाणी. माझी पहिली नोकरी खाणीच्या दवाखान्यात होती. खाणकामगार बुटांसकट चढायचे, आणि मी ओरडू शकत नसल्यामुळे कुणी बूट काढले नाहीत. दगडाची धूळ छातीत साठवून ती माणसं वर्षागणिक हलकी होत जायची. आत धूळ वाढते आणि माणूस घटतो, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही. तिथले म्हातारे डॉक्टर माझ्या खांबावर थाप मारून म्हणायचे की हा काटा देवासमोरसुद्धा खरंच बोलेल. त्या कौतुकाने मी हुरळून गेलो होतो, कबूल करतो.

पुढे खाणी बंद पडल्या. मला एका छपरात टाकून दिलं आणि तिथे कोंबड्यांनी माझ्यावर अंडी घातली. चांगल्या दिवसांनंतर असे दिवस येतातच. मग शहरातल्या एका रुग्णालयाला काटा हवा होता म्हणून मला धुऊन, तेल घालून नेलं आणि कर्करोगाच्या विभागात उभं केलं. उभं कुठे केलं, तर बोळात, दाराशी, लांब बाकाच्या समोर. तिथून डॉक्टर जायचे, झाडूवाले जायचे, भेटायला आलेले पुरुष जायचे. खोल्या कमी होत्या आणि मी अवजड होतो, त्यामुळे मला आत घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आमच्याकडच्या बाजारातल्या बायका घोळदार घागरे घालतात. घागऱ्याखाली परकर, त्या परकराखाली आणखी परकर. खांद्यावर शाल आणि डोक्यावर गोल टोपी. वजन करताना त्या टोपी काढतील, शाल काढतील, पण घागऱ्याला हात लावणार नाहीत. भर बोळात लावतील तरी कशा? त्यातून ज्यांच्या छातीची एक बाजू शस्त्रक्रियेने सपाट झालेली, त्या तर पदरासारखी शालसुद्धा घट्ट धरून ठेवायच्या. म्हणून पूर्वीच्या एका परिचारिकेने रीत घालून दिली होती की जे भरेल त्यातून घागऱ्याचे तीन किलो वजा करायचे. ती निवृत्त झाली, तिच्या जागी मार्लेने नावाची परिचारिका आली. मार्लेनेही तीनच किलो वजा करू लागली. एकदा रीत पडली की तिला कोण हात लावतो!

तर अशा बोळात एके दिवशी बासिलिया कोल्के आली. बाजारात ती चुनो विकायची. चुनो म्हणजे आमच्या थंडीत गोठवून, तुडवून, उन्हात वाळवलेले बटाटे. दिसायला काळे खडे, पण माणसाला जगवतात. बासिलियाचा आवाज असा की ती कुजबुजली तरी बाक हलायचा. डाव्या टाचेवर भार देऊन उभी राहायची तिला सवय होती. पहिल्याच दिवशी टोपी काढायला विसरली, आणि मार्लेनेने आठवण करून दिली तेव्हा म्हणाली, "राहू दे गं पोरी. तिच्याखाली काही असतं तर वजन वाढलं असतं." सगळा बाक हसला. पण छातीतली गाठ तिने फार दिवस शालीखाली दडवली होती, आणि आता दुखणं हाडांत उतरलं होतं.

त्या विभागाच्या डॉक्टर होत्या इल्दा आयाविरी. तरुण, बोलायला तुटक, पण बाकावर बसून पेशंटशी बोलणाऱ्या. त्यांना एक गोष्ट सारखी टोचत असे. एवढ्या पुढे गेलेल्या दुखण्यावर एक चांगलं औषध आलं होतं, शिरेतून थेंब थेंब द्यायचं. ते तपासलं गेलं होतं दूरच्या देशांत, निवडून घेतलेल्या धडधाकट बायकांवर. त्यात आमच्या डोंगरावरची, चुनो खाणारी, सात बाळंतपणं झालेली एकही बाई नव्हती. म्हणून इल्दाबाईंनी ठरवलं की आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते टिपून ठेवायचं. औषध किती दिलं, वजन किती होतं, ताप आला का, गाठ आकसली का, बाई किती जगली. आणखी काही शहरांतले डॉक्टरही त्यात सामील झाले. प्रत्येकीला विचारून, तिची हरकत नसेल तरच टिपायचं, असं ठरलं.

बासिलियाला विचारलं तेव्हा तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "लिहून घ्या माझं. सगळं लिहून घ्या. मी आयुष्यात कुणाला फुकट बटाटा दिला नाही, हे तरी देऊन जाते. माझ्यामागून येणारीला कामी येईल."

मित्रांनो, यापुढची गोष्ट सांगताना माझी दांडी अजून थरथरते.

औषध सुरू झालं आणि बासिलिया वाळत चालली. बाकावर बायकांत एक गोष्ट पसरली होती. कुणी पसरवली देव जाणे. वजन घटलं की डॉक्टर औषध बंद करतात आणि मरायला घरी पाठवतात, अशी ती गोष्ट. शिवाय बाजारात वाळलेल्या बाईकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. हिचे बटाटे हिलाच पुरत नाहीत, म्हणतात. आमच्याकडे भरलेलं अंग म्हणजे बरकत. तेव्हा बासिलियाने सोपी युक्ती केली. औषध घ्यायच्या प्रत्येक पाळीला एक परकर जास्त चढवला, मग जाड लोकरीचा आणखी एक घागरा. बाई घटत होती, घागरे वाढत होते, आणि माझ्या दांडीवर आकडा जागचा हलत नव्हता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं झालं होतं. मार्लेने तीन किलो वजा करायची आणि खूश होऊन म्हणायची, मावशी, तुमचं वजन म्हणजे डोंगर, जराही हललं नाही. बासिलिया म्हणायची, सगळी चुनोची कृपा.

औषधाचं माप वजन आणि उंची बघून ठरतं. बोळात जेवढी बाई दिसत होती तेवढ्या बाईचं औषध आत जात होतं. आणि आत तर तेवढी बाई नव्हतीच.

माझ्या पायपट्टीला मात्र पाय कळतात. तिच्या टाचेत जोर उरला नव्हता, वरून नुसतं कापड दाबत होतं. पण काट्याला विचारतो कोण, आणि विचारलं तरी काटा बोलणार कशाने? माझ्यावर जे ठेवलं तेवढंच मी सांगू शकतो. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझं जे कौतुक केलं होतं, ते तेव्हा मला खायला उठलं.

तिसऱ्या पाळीनंतर बासिलियाला ताप भरला. तापाशी झगडायला रक्तात काही शिल्लक नव्हतं. ती गेली. इल्दाबाई बाकावर तिच्या रिकाम्या जागेशेजारी कितीतरी वेळ बसून होत्या, आणि मार्लेनेने त्यांच्यासाठी आणलेलं गरम आपी, जांभळ्या मक्याचं पेय, कपातच साय धरून गेलं.

बासिलिया एकटी नव्हती. बाक म्हणजे शाळाच, एकीची युक्ती दुसरीने उचलली होती, आणि तिच्यासारख्या आणखीही काही जणी गेल्या. तेव्हापासून एक गोष्ट सुरू झाली. सकाळी विभाग उघडण्याआधी, बोळात नुसता वारा असताना, माझी दांडी हळूच वर उचलली जायची. झाडूवाला म्हणायचा, वारा आहे. वारा मी चांगला ओळखतो, ओरुरोत आयुष्य काढलंय. हे त्या गेलेल्या बायकांचे पाय होते. कुणाचे जुळवलेले, कुणाचे फाकलेले, कुणाचा अंगठा वर. त्या यायच्या, उभ्या राहायच्या आणि वाट बघायच्या. मी आकडा सांगायला तयार असायचो, पण वजनं सरकवून तो बघायला बोळात कुणीच नसायचं. थोड्या वेळाने दांडी खाली यायची.

मग एके दिवशी फोर्तुनाता आली, बासिलियाची धाकटी बहीण. तिलाही तेच दुखणं, आणि तेही पसरलेलं, यकृतापर्यंत. ही बोलायला मवाळ, बहिणीच्या आवाजाखाली वाढलेली. ती माझ्यावर चढली आणि मी दचकलो. मृताचे कपडे आठवड्याने नदीवर नेऊन धुवायची आमच्याकडे रीत आहे. धुतलेल्या कपड्यांतले बासिलियाचे चांगले घागरे फोर्तुनाताने घेतले होते आणि स्वतःच्या घागऱ्यांवर चढवले होते. आठवण म्हणून म्हणा, ऊब म्हणून म्हणा, आणि अर्थात बाकावरच्या त्या गोष्टीपायी म्हणा. बहिणीला परकर बांधून देणारी तीच तर होती. त्या दिवशी माझ्यावर दोघी उभ्या राहिल्या. मार्लेनेने दोघींतून मिळून तीन किलो वजा केले.

औषध तिला लागू पडलं. यकृतावरची गाठ आकसू लागली. पण तोंड सोलवटलं, बोटं बधिर झाली, ताप येऊन गेला, थेट बहिणीसारखंच.

इकडे इल्दाबाईंनी जमवलेलं सगळं एकत्र मांडलं होतं. त्यात स्पष्ट दिसत होतं की आमच्या बायका या औषधाने इतरांपेक्षा जास्त कोसळतात. का ते कळत नव्हतं. खाणं कमी पडतं म्हणावं तर वजन घटलेलं नव्हतं, एकीचंही नाही. सगळ्यांची वजनं डोंगरासारखी. मग उरलं काय? इथली विरळ हवा, नाहीतर इथल्या बायकांचं रक्तच वेगळं. हे औषध डोंगरावरच्या बायकांना सोसत नाही, ते देऊ नये, असं त्या बाकीच्या डॉक्टरांना कळवणार होत्या. त्यांनी ते लिहूनही काढलं होतं. त्यांची नियत स्वच्छ होती. बासिलियासारखी दुसरी जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी फोर्तुनाताला बाकावर बसून सांगितलं की आता एकच पाळी, तीही कमी करून, मग हे औषध बंद.

"गाठ आकसतेय म्हणालात ना?" फोर्तुनाताने विचारलं.

"आकसतेय."

"मग का काढून घेता?"

"कारण तुझ्या बहिणीचं काय झालं ते मी पाहिलंय."

दुसरं औषध नव्हतं असं नाही, पण ते एवढं चालणारं नव्हतं, आणि फोर्तुनाताला ते ठाऊक होतं. ती उठली तेव्हा घागरे सावरायला तिला भिंतीला धरावं लागलं.

मधे मृतात्म्यांचे दिवस आले. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी बाराला आमचे गेलेले घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी मेज मांडतात, त्यावर त्यांच्या आवडीचं सगळं ठेवतात, आणि माणसाच्या आकाराचे, चेहरा लावलेले पाव. त्याआधी फोर्तुनाताला स्वप्न पडलं होतं. अक्का आली होती, एका विटक्या परकरात, थंडीने काकडत. सगळ्यांसमोर मला उघडी उभी केलीस, म्हणाली. फोर्तुनाताने सकाळी उठून बासिलियाचे सगळे घागरे काढले, घडी घातली आणि मेजावर ठेवले. औषध बंदच व्हायचं होतं, मग वजन दाखवायचं तरी कुणाला? तिच्या घरची रीत अशी की मेजावर मांडलेलं परत घ्यायचं नाही, प्रार्थना म्हणायला आलेल्यांना वाटून टाकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पाव गेले, तसे घागरेही गेले.

त्यानंतर ती शेवटच्या पाळीला आली, फक्त स्वतःच्या घागऱ्यात. माझ्यावर चढली आणि माझी दांडी वर उठलीच नाही.

मार्लेनेने वजन मागे सरकवलं. आणखी मागे सरकवलं. मग माझ्या खांबावर हात मारला आणि म्हणाली, संपला हा काटा, भंगारात द्या. एवढ्या वर्षांची सेवा, आणि खरं बोलल्याच्या पहिल्याच दिवशी भंगार! मला रागही आला आणि हसूही आलं. शेजारच्या विभागातून नवा, विजेवरचा, चपटा काटा आणला. त्याने चमकदार आकड्यांत तेच सांगितलं. तो पोरगेला होता, पण खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

गडबड ऐकून इल्दाबाई बाहेर आल्या. एवढ्याशा दिवसांत एवढी घट म्हणजे दुखणं उसळलं, असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं की काय झालं, खाल्लं नाहीस का. फोर्तुनाता खाली बघत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर तिच्या एकटीची नव्हती. बाकावरच्या बायका शालीची टोकं चाचपत बसल्या होत्या.

"मी घटले नाही," ती शेवटी म्हणाली. "अक्काचे घागरे अक्काला परत दिले."

इल्दाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं, आणि बाकावरच्या एकीनेही मान वर केली नाही. त्यांनी मार्लेनेला हाक मारली, दोघींनी मिळून मला उचललं आणि ओढत, खरडत त्यांच्या तपासणीच्या खोलीत नेलं. फरशीवर उमटलेला चरा अजून आहे. दार लावलं, खिडकीवर चादर टांगली, शेगडी पेटवली. मग इल्दाबाई पाठ करून उभ्या राहिल्या. फोर्तुनाताने एकेक नाडी सोडली. एक घागरा, एक परकर, पुन्हा एक परकर. शेवटी पातळ शेमिजमध्ये ती माझ्यावर चढली. दांडीवरची वजनं मागे, मागे, आणखी मागे सरकली.

इल्दाबाईंनी वळून पाहिलं. आकड्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. खांद्याची हाडं, घोट्याएवढे गुडघे.

"एवढीच?" त्या म्हणाल्या. "फोर्तुनाता, एवढीच आहेस तू?"

"अक्का याहून कमी होती."

मार्लेने भिंतीकडे तोंड करून रडू लागली. तिचा काय दोष? तिला शिकवलं ते ती इमानाने करत होती. इल्दाबाई खुर्चीत बसल्या.

त्यानंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. लिहून काढलेलं ते पत्र गेलं नाही. इल्दाबाईंनी बाकीच्या शहरांना कळवलं ते वेगळंच, की आपल्या बायकांचं रक्त वेगळं नाही, आपण वजन चुकीचं धरलं असावं, बघा तुमच्याकडे बायका कशा उभ्या राहतात. एका डोंगराळ शहरातून उत्तर आलं की आमच्याकडेही तसंच आहे, फक्त आम्ही दोन किलो वजा करतो. वजन हे एकच कारण नसेल, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मी राहिलो आतच, पडद्याआड, शेगडीजवळ. बाकावर बसून इल्दाबाईंनी प्रत्येकीला सांगितलं की वजन घटलं तर कुणी घरी पाठवणार नाही, औषधाचं माप तेवढं बदलेल. पटायला वेळ लागला. पण एक आली, मग दुसरी आली. फोर्तुनाताचं औषध बंद झालं नाही. तिच्या अंगाच्या मापाने, सावकाश, ते चालू राहिलं. बरी ती होणार नाही, हे तिलाही माहीत आहे. पण ती चुनो विकते आहे.

राहिल्या त्या गेलेल्या. त्यांचं वजन आता कोण करणार? इल्दाबाईंनी बासिलियाच्या आणि तिच्यासारख्या सगळ्यांच्या नावापुढचा आकडा खोडला आणि 'माहीत नाही' असं लिहिलं. खोटं ठेवण्यापेक्षा ते बरं होतं. तरी ते लिहिताना त्या थांबत थांबत लिहीत होत्या. आयुष्यात कुणाला काही फुकट न देणारीने एकच गोष्ट दिली होती, आणि तिच्या जागी आता बिनआकड्याचा रकाना उरला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा मृतात्म्यांचे दिवस आले. फोर्तुनाता तिच्या पाळीसाठी आली होती, एकाच घागऱ्यात. झोळीतून तिने पाव काढला, बाईच्या आकाराचा, गोल टोपी घातलेला, रंगवलेल्या चेहऱ्याचा. खोलीत ती आणि मार्लेने दोघीच होत्या. दुपारचे बारा वाजत होते. तिने पाव माझ्या पायपट्टीवर ठेवला आणि हात काढून घेतला.

माझी दांडी वर उचलली गेली.

मार्लेने म्हणाली, मावशी, जुना झालाय, कधी कधी अडकतो. फोर्तुनाताने ऐकलं नाही. मला मात्र कळलं होतं. डाव्या टाचेवर भार होता. फोर्तुनाताने थोरलं वजन सरकवलं, मग धाकटं, एका बोटाने, अगदी हळू. दांडी स्थिर होईपर्यंत थांबली. मग आकडा वाचला आणि दोन्ही हातांनी माझा खांब धरला.

"एवढीच राहिली होतीस होय गं अक्का," ती म्हणाली.

मित्रांनो, काट्याची काळजी घ्या, त्याला तेल द्या, हे मी सांगणारच, माझा तो हक्क आहे. पण त्याआधी हे ऐका. कुणाकडून खरं हवं असेल तर आधी दार लावा, पडदा टांगा, खोली उबदार करा. आणि तुमच्या जवळच्या बाईच्या छातीत गाठ असेल, तर ती शालीखाली दडवू देऊ नका.

त्या दुपारचा आकडा कुठे लिहिला गेला नाही. पावाचं वजन कोण लिहिणार? म्हणून तो तुम्हाला सांगतो. तिने म्हटलं होतं, माझं लिहून घ्या. मला लिहिता येत नाही, तुम्हाला येतं. बासिलिया कोल्के, चुनोवाली, राहणार ओरुरो. त्रेचाळीस किलो. घागऱ्यांशिवाय.